डाव्या चाकाचे आटे

“बिस्मिल्ला म्हणला, अन् नट आवळायचं इसरला.”

चाकावरून तारेचा ब्रश ओढता ओढता मोहियोद्दीनच्या कानात ग्यानोबाचा आवाज आला. तो नेहमी असाच यायचा, मधेच, न विचारता. औशाचा आठवडी बाजार, कुबडीवर रेललेला ग्यानोबा, भोवती पोती आणि माणसं, आणि हे एक वाक्य. माणसं हसली होती. त्याला तेहतीस वर्षं झाली. ग्यानोबाला जाऊनही सहा वर्षं झाली. आवाज मात्र गेला नव्हता.

मोहियोद्दीननं ब्रश पुन्हा दाबला. नांदेडच्या देगलूर नाक्यामागं त्याची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या भिंतीला टेकून पाच चाकं उभी होती. सोळा इंची, पोलादी, पाच-पाच नटांची. फार्गो पिकअपची चाकं. गाडीबरोबर कंपनीतून आलेली. चार चाकं त्यानं सकाळीच घासून, तेलाचं फडकं फिरवून ठेवली होती. पाचवं कुणाला द्यायचंच नव्हतं. तरी तो तेच घासत होता.

“अब्बा, ते औशाचे लोक लोहा गावाच्या पुढं आलेत,” आलियानं दारातून सांगितलं. “परत सांगते, भांडू नका.”

“भांडण कोण करून राहिलं?”

“ब्रश करून राहिला.”

आलिया त्याची धाकटी मुलगी, शाळेत शिकवायची. हे सगळं तिनंच ओढवून घेतलं होतं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा कुठलासा ग्रुप तिच्या फोनवर होता. अडगळ निघून जाईल म्हणून तिनं एके दिवशी चाकांचे फोटो त्यावर टाकले. तिसऱ्या दिवशी औशाहून फोन आला. माणूस म्हणाला, माझ्याकडं फार्गो आहे, पण तिची चाकं नाहीत. आलियानं नाव विचारलं. सुदर्शन. वडलांचं नाव विचारलं. ते ऐकल्यावर तिनं फोनवर हात ठेवला आणि बापाकडं बघितलं.

मोहियोद्दीननं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला होता.

“येऊ दे,” तो म्हणाला होता. “चाकं हायत म्हणावं. द्यायची का न्हाई, ते इथं आल्यावर सांगतो.”

ती गोष्ट आलियाला पाठ होती. तिच्या जन्माआधीची, पण घरातल्या भांड्याकुंड्यांसारखी रोजच्या वापरातली. तेव्हा मोहियोद्दीनचं गॅरेज लातुरात, औसा रोडवर होतं. त्याच्या अब्बांनी घातलेलं. अब्बा आधी हैदराबादेत मोटारी दुरुस्त करायचे, आणि तिथून त्यांनी एक शहाणपण गाठीला बांधून आणलं होतं. ह्या फार्गोच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. चाकाच्या फिरण्यानं नट आपोआप सुटू नये म्हणून कंपनीनंच तसे पाडलेले. प्रत्येक बोल्टच्या माथ्यावर इंग्रजी एल कोरलेला. उजव्या चाकाचा नट साऱ्या जगासारखा उजवीकडं आवळायचा. डाव्याचा डावीकडं. न कळणारा माणूस आवळायला जायचा आणि सोडून बसायचा.

म्हणून अब्बांच्या गॅरेजात एक रीत होती. अशी गाडी ताब्यात देताना नुसती चावी द्यायची नाही. घेणाऱ्यापुढं दोन ओळी म्हणायच्या, आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायच्या:

उजवं चाक उजवीकडं, डावं चाक डावं,
उलटं ज्याला उमजलं, त्यानं घरी जावं.

मोठमोठे कंत्राटदार लाजत लाजत त्या ओळी म्हणायचे. अब्बा चावी मुठीत धरून ऐकायचे. ओळ चुकली तर मूठ उघडायची नाही.

ग्यानोबाची फार्गो ही औशाकडच्या पाच गावांतली एकमेव पिकअप. तुरीच्या सुगीत तिला चार नवे टायर बसवले. चारी चाकं मोहियोद्दीननं स्वतः आवळली, बिस्मिल्ला म्हणून, नेहमीसारखी. ग्यानोबा खळ्यावर अडकला होता, म्हणून संध्याकाळी मोहियोद्दीननं गाडी त्याच्या गावी पोचवली. “गाडी दारात लावली. चावी वहिनींच्या हातात दिली. अन् यष्टीनं परत आलो,” तो सांगायचा. ह्या ठिकाणी आला की तो फडकं उचलायचा आणि हात पुसायचा. जेवायला बसल्यावर सांगत असला, हात धुतलेले असले, तरी.

दुसऱ्या दिवशी बुधोड्याच्या अलीकडं पुढचं डावं चाक निघालं. तुरीनं भरलेली पिकअप रस्त्याकडेच्या चारीत गेली आणि ग्यानोबाची तंगडी तिच्याखाली सापडली. गोळा झालेल्या लोकांनी बाकीची चाकं हलवून बघितली. मागचं डावंही ढिलं. उजवी दोन्ही दगडासारखी घट्ट.

“आता तूच सांग,” मोहियोद्दीन आलियाला विचारायचा. ती सात वर्षांची असताना विचारायचा, ती लग्नाची झाली तरी विचारायचा. “मी ढिली सोडली असती तर चारी ढिली सापडायला पायजेत. फक्त डावी कशी? म्हंजे माझ्या मागं कुणीतरी पाना लावला. अन् उजवीकडं फिरवला. ज्याच्या घरी गाडी उभी व्हती त्यानंच. स्वतः सोडलं, अन् खापर माझ्या माथ्यावर फोडलं.”

ग्यानोबानं बाजारात नेमकं उलटं सांगितलं. उस्तादाच्या पोराला डावं-उजवं कळत नाही म्हणाला. आणि वर ते वाक्य बोलला. वाक्य लोकांना आवडलं. पुढं औशात कुणी चहात साखर टाकायला विसरला तरी हॉटेलातली माणसं म्हणायची, बिस्मिल्ला म्हणला, अन् आवळायचं इसरला. मोहियोद्दीनच्या पान्यावर हसले असते तर त्यानं सोसलं असतं. ते त्याच्या तोंडातल्या अल्लाच्या नावावर हसत होते. गाड्या यायच्या थांबल्या. दोन वर्षांनी त्यानं अब्बांच्या हातची पाटी उतरवली आणि नांदेड गाठलं. निघण्याआधी औशाच्या भंगारवाल्याकडून स्टेपनीसकट ही पाच चाकं मात्र उचलली. ग्यानोबानं चिडून काढून टाकलेली. एवढं लोखंड कशाला, असं बायकोनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “साक्षीदार हायत.”

पाचवं चाक म्हणजे पुढचं डावं. त्याच्या नटांची भोकं गोल राहिली नव्हती. ढिल्या नटांवर चार कोस धावल्यानं ती अंड्यासारखी लांबट झाली होती.

दुपारी बाराच्या सुमाराला गाड्या वाहून नेणारा मोठा ट्रक शेडपुढं थांबला. त्याच्या पाठीवर ती होती. मोहियोद्दीननं तिला तेहतीस वर्षांत बघितलं नव्हतं. रंग नवा काढलेला, गडद हिरवा. नाक तेच, फुगीर. आणि खाली आरशासारखी चकाकणारी, जाळीदार नक्षीची चार नवीकोरी चाकं.

“लग्नातल्या घोड्याला बूट घातलेत,” तो म्हणाला. आलियानं त्याच्या कोपराला हात लावला.

ट्रकच्या केबिनमधून चाळिशीचा एक माणूस उतरला. त्याच्या मागून, दांडी धरून, एकेक पाय टेकत एक म्हातारी बाई उतरली. मोहियोद्दीन सुदर्शनची वाट बघत होता. ग्यानोबाची बायको साखराबाई येतील असं त्याला वाटलं नव्हतं.

“ऱ्हामऱ्हाम, मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “चाकं कुणाची हायत ते कळलं, म्हणून आले.”

त्यानं मान हलवली. आलियानं खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा टाकला.

सुदर्शनचं औशात ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. बोलायला नीट होता, चाचा चाचा करत होता. महिन्याभरानं हैदराबादेत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. त्यानं फोटो पाठवले, तर तिथल्या लोकांनी गाडी नाकारली. चाकं कंपनीची पाहिजेत म्हणाले. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचून दाखवला: ह्या गाडीला कंपनी कुठली कुठली चाकं देत होती त्याची यादी. साधी पोलादी सोळा इंची. जड मालासाठी सुट्या कडीची. चाकाचा रंग गाडीचा किंवा दुधी. वर चकचकीत टोपी पाहिजे तर वेगळी.

“कागद ठेव,” मोहियोद्दीन म्हणाला. “तुझ्या गाडीला दुधी व्हता. ह्या नखानं काढून दावतो.”

त्यानं पहिल्या चाकाच्या आतल्या कडेला नख ओढलं. ब्रश न पोचलेल्या गंजाखालून दुधी रंगाची रेघ निघाली. सुदर्शन गुडघ्यावर बसून ती बघत राहिला. लहानपणी ह्याच चाकावर पाय देऊन मी हौद्यात चढायचो, असं काहीतरी म्हणाला. मोहियोद्दीनला तो आवडायला लागला होता, आणि त्याचाच त्याला राग आला.

“चाकं देतो,” तो म्हणाला. “चारी देतो. एक रुपया नगं. पण आधी औशाच्या बाजारात हुबं ऱ्हायचं, तुझा बाप हुबा व्हता तिथंच. अन् सांगायचं की मोहियोद्दीननं नट आवळले व्हते. सोडले ते आमच्या घरी.”

सुदर्शन उठला. कागदाची घडी घालायला त्यानं वेळ घेतला.

“चाचा, झालं ते वाईट झालं. पण आमचे दादा खोटं बोलणारे नव्हते. पाय आखडला, वखर सुटला, तरी मरेपर्यंत त्यांनी एकच सांगितलं. मी पान्याला हात लावला नव्हता म्हणाले.”

“म्हंजे मी खोटा.”

“तसं नाही म्हणत.”

“तसंच म्हणून राहिलास. तुझ्या बापाचा पाय गेला, मला बी वाईट वाटलं. दवाखान्यात गेलो तर भेटू दिलं न्हाई. ठीक हाय. पण माझं काय गेलं, ते कुणी मोजलं? अब्बाचं नाव गेलं. गाव गेलं. अल्लाचं नाव तोंडातल्या तोंडात घ्यायची पाळी आली, कुणी हसंल म्हणून. अन् तू कागद घिऊन येतोस, दुधी का हिरवा म्हणून.” त्यानं भिंतीवरचा चाकाचा पाना काढून सुदर्शनपुढं धरला. “चढ वर. मागच्या डाव्या चाकाचा एक नट ढिला कर. तुझ्या बापाच्या गाडीलाच विचारू.”

आलिया पुढं झाली, पण सुदर्शननं पाना घेतला होता. बहुतेक त्यालाही भांडण नको होतं, आणि हातात काहीतरी असणं बरं वाटलं. तो ट्रकवर चढला. मोहियोद्दीन सत्तरी उलटली तरी मागोमाग चढला. डाव्या मागच्या चाकाला तीनच नट होते. दोन बोल्ट लातूरच्या टायरवाल्यानं तोडले, सुदर्शननं सांगितलं. गंजले होते म्हणाला.

“गंजले न्हवते. त्यानं सोडायला म्हणून आवळले. लाव पाना.”

सुदर्शननं पाना लावला आणि सगळे लावतात तसा डावीकडं जोर दिला. नट हलला नाही. त्यानं बस्तान बदललं.

“बास. तिसरा बी तोडशील. आता उजवीकडं. पाय दे.”

सुदर्शननं पान्याच्या दांडीवर पाय ठेवला आणि अंगाचा भार टाकला.

कट्ट.

पाना एका झटक्यानं खाली गेला. नट सुटला होता.

“बघ. जग ज्याला आवळणं म्हणतं, ते हितं सोडणं हाय,” मोहियोद्दीन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांचा मुद्दा शेवटी कुणाच्यातरी डोळ्यांपुढं मांडून झाला होता. “तुझ्या बापानं—”

“परत वाजीव.”

खालून साखराबाई बोलल्या. चहाचा ग्लास त्यांच्या हातात तसाच होता.

“काय म्हणलीस, माय?”

“दुसऱ्या नटाला लाव. तसाच, पाय देऊन.”

सुदर्शननं मोहियोद्दीनकडं बघितलं, मग दुसऱ्या नटाला पाना लावला. पाय दिला. कट्ट.

साखराबाईंनी ग्लास खाली जमिनीवर ठेवला. नीट ठेवला, सांडू न देता.

“हा आवाज सुटायचा हाय?”

“सुटायचा,” मोहियोद्दीन म्हणाला.

“मला वाटलं, बसायचा.”

रस्त्यानं एक रिक्षा गेली. मोहियोद्दीन ट्रकच्या फळीला धरून हळूहळू खाली उतरला. कळलं होतं, पण पाय जमिनीला लागेपर्यंत ते खरं मानायला तो तयार नव्हता.

मग त्या सांगायला लागल्या; पोराकडं न बघता, मोहियोद्दीनकडंही न बघता, भिंतीपाशी उभ्या पाचव्या चाकाकडं बघत. मिस्त्रींनी चावी देताना निरोप दिला होता की नवे टायर हायत, सकाळी गाडी काढायच्या आधी सगळ्या नटांना एकदा पाना लावून घ्या म्हणावं. ग्यानोबा खळ्यावरून आले ते दमून. निरोप सांगितला तर हं म्हणून झोपले. सकाळी उठले तर घाई. बाईमाणसानं पाना हातात घेतलेला त्यांना खपला नसता. म्हणून ते आंघोळीला गेले तेव्हा साखराबाई उठल्या, लुगड्याचा काष्टा खोचला आणि एकटीनं विसाच्या वीस नटांना पाना लावला. हातानं जमेना, म्हणून दांडीवर उभ्या राहिल्या. उजव्या अंगाचे हलले नाहीत. डाव्या अंगाचा एकेक नट कट्ट वाजला.

“मला वाटलं, मिस्त्रीनं हे दहा ढिले सोडले व्हते. मी बसवले. लई बरं वाटलं. ह्यांचा जीव वाचवला म्हणलं.” त्या थांबल्या. “दुपारी खाटेवर घालून आणलं ह्यांना. तवा काय बोलू? पाना मी लावला म्हणू? मोडल्या पायाच्या माणसाला? मग ते बाजारात बोलले. लोक घरी येऊन मला सांगायचे, हसायचे. मी हसले न्हाई कंदी. पण बोलले बी न्हाई.”

“माय,” सुदर्शन वरूनच म्हणाला.

“तुझे दादा खोटं बोलले न्हाईत. त्यांना ठावंच न्हवतं. खरं ते मी गिळून बसले.”

मोहियोद्दीन चाकांपाशी गेला. त्याला ओरडायचं होतं. तेहतीस वर्षं त्यानं हे ओरडणं सांभाळलं होतं, धार लावून ठेवलं होतं, आणि आज ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस मधूनच निघून गेला होता. खरं बोलणारा म्हणून. उरली होती ती खुर्चीत बसलेली म्हातारी.

“लातूर सुटलं माझं, वहिनी,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. “अब्बाची पाटी मी माझ्या हातानं उतरवली.”

“ठावं हाय.”

“अन् तुमी गप.”

“हाव. गप.” त्यांनी मान खाली घातली नाही. “ह्या बाजाराला मी जाते. कुणाला पाठवत न्हाई, मी जाते. ते हुबे व्हते तिथं हुबी ऱ्हाते अन् सांगते. चाकं द्या, न्हाईतर नका देऊ.”

त्या खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या. पदर सारखा केला. आणि मग, तक्रार म्हणून नाही, सहज स्वतःशी बोलावं तसं म्हणाल्या, “मला कोण सांगणार व्हतं, डाव्याचं डावं असतं म्हणून.”

मोहियोद्दीननं फडकं उचललं.

त्याचे हात स्वच्छ नव्हते, पण तो पुसत होता तो मळ नव्हता. आलिया त्या हातांकडं बघत होती.

त्या संध्याकाळचं दार. दाराशी टांगलेला कंदील. पदर डोक्यावरून पुढं ओढलेली एक तरुण बाई, घरात दुसरं कुणी मोठं माणूस नाही. तो उंबऱ्याच्या चार हात अलीकडं उभा, नजर पायांशी. चावी त्यानं तिच्या हातात दिलीही नव्हती. ओट्यावर ठेवली होती, तिनं उचलली. निरोप सांगितला. आणि मग त्या दोन ओळी ओठांपर्यंत आल्या होत्या. अब्बा असते तर मूठ उघडली नसती. पण परक्याच्या दारात, दिवेलागणीला, एकट्या बाईमाणसापुढं उभं राहून गाणं म्हणायचं? वर तिच्याकडून म्हणवून घ्यायचं? शेजारच्या ओट्यावर माणसं बसली होती. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. ग्यानोबाला माहीतच आहे, असं म्हणून तो वळला होता आणि यष्टी गाठली होती.

सुदर्शन ट्रकवरून उतरून आईला हात देत होता. साखराबाईंचा एक पाय केबिनच्या पायरीवर होता.

“थांबा, वहिनी.”

त्या थांबल्या. आलियाही, चहाचा ग्लास उचलायला वाकलेली, तशीच थांबली. ती गोष्ट तिला पाठ होती, आणि अब्बा आता जे बोलणार होते ते त्या गोष्टीत कधीच नव्हतं, हे तिला त्यांच्या हातातल्या फडक्यावरून कळलं.

मोहियोद्दीननं फडकं पाचव्या चाकावर ठेवलं.

“बाजारात एकट्या जाऊ नका. मी बी येतो,” तो म्हणाला. “त्या सांजंला चावी देताना दोन ओळी म्हणायच्या व्हत्या. आमच्या गॅरेजची रीत व्हती. तुमच्यापुढं मला लाज वाटली. मी म्हणल्या न्हाईत.”